फवारणीचं औषध आणि खाडीतलं पाणी: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

शेतातली औषधं समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवर काय परिणाम करतात, याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रं संक्षिप्त केली आहेत.

आमची हापूसची कलमं खाडीच्या वरच्या अंगाला, कातळावर आहेत. तुडतुडे आणि भुरीसाठी मोहोराच्या काळात पाच-सहा फवारण्या होतात. हे औषध खाडीपर्यंत पोचतं का? आणि कीटकनाशक किड्यांसाठी असेल, तर सूक्ष्मजीवांना त्याचं काय? (आंबा बागायतदार, देवगड तालुका)

पोचतं. पण प्रत्येक औषधाची वाट वेगळी असते. औषध किती जहाल आहे हे सगळे विचारतात. ते पाण्यात विरघळून जातं की मातीला चिकटून, हे मात्र फार थोडे विचारतात. खाडीच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्न आधी विचारायला हवा.

डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ही सिंथेटिक पायरेथ्रॉइड, म्हणजे किड्यांच्या मज्जासंस्थेवर घाव घालणारी कृत्रिम कीटकनाशकं, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. ती पानाला, पालापाचोळ्याला आणि मातीच्या बारीक कणांना घट्ट धरून बसतात. मोहोराचा हंगाम कोरडा असल्यामुळे फवारल्या फवारल्या ती वाहून जात नाहीत आणि उन्हाने बरीचशी मोडतात. पण पानांच्या थराखाली, सावलीत जे उरतं ते जूनच्या पहिल्या सरींबरोबर गढूळ पाण्यातून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरतं. गोडं पाणी खाऱ्याला भेटतं तिथे मिठामुळे मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. म्हणून हे औषध उघड्या समुद्रात न जाता खाडीच्या वरच्या टोकाच्या गाळात साठतं. त्या गाळात ऊन पोचत नाही आणि प्राणवायू नसतो, त्यामुळे तिथे ते मोडायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

आता हिशेब. डेल्टामेथ्रिन २.८ टक्के, १० लिटरला ९ मिली या प्रमाणात २०० लिटरच्या पिंपाला १८० मिली औषध लागतं. त्यात मूळ विष सुमारे ५ ग्रॅम. त्यातला शंभरावा भाग, म्हणजे ५० मिलिग्रॅम, पाण्यात उतरला असं धरा. कोळंबीच्या जातकुळीतले बारीक प्राणी लिटरला काही नॅनोग्रॅमलाच मरतात. ५ नॅनोग्रॅम ही पातळी धरली तर ५० मिलिग्रॅम विष पातळ व्हायला १ कोटी लिटर पाणी हवं, म्हणजे १ हेक्टर पसरलेलं, १ मीटर खोल पाणी. प्रत्यक्षात बरंच विष गाळाला चिकटतं म्हणून पाण्यातली मात्रा एवढी चढत नाही, पण एका पिंपाचा आवाका यावरून लक्षात येईल.

सूक्ष्मजीवांवर या गटाचा परिणाम आडवाटेने होतो. डायटमसारख्या एकपेशीय शैवालांना मज्जासंस्थाच नसते, त्यामुळे एवढ्या मात्रेत त्यांचं थेट फारसं बिघडत नाही. मरतात ते शैवाल चरणारे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतले बारीक प्राणी, आणि कोळंबी-खेकड्यांची पिल्लं. चरणारे गेले की शैवाल मोकाट वाढतं, मग एकदम मरतं, ते कुजवताना जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. खाडीचं पाणी अचानक हिरवं झालं म्हणजे ते सुपीक झालं, असं मानू नये.

इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथॉक्झाम ही कीटकनाशकं मात्र पाण्यात सहज विरघळतात आणि मातीतून झिरपत जातात. उथळ, नितळ पाण्यात इमिडाक्लोप्रिड उन्हाने लवकर मोडतं. गढूळ पावसाळी पाण्यात मात्र ते टिकून राहतं.

ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं ते कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. ते कीटकनाशक नव्हे, वाढनियंत्रक आहे. ते नेमकं १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या सुमाराला, भर पावसात जमिनीत दिलं जातं आणि मातीत महिनोन् महिने टिकतं. ते हेक्झाकोनॅझोलसारख्या बुरशीनाशकांच्याच, ट्रायाझोल कुळातलं आहे. हे कूळ पेशीच्या पडद्याला लागणाऱ्या स्टेरॉलच्या निर्मितीत अडथळा आणतं, म्हणून बुरशी आणि शैवाल या दोघांनाही ते भोवू शकतं. झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिली हे माप ओलांडू नका. औषध ३ ते ६ लिटर पाण्यात कालवून, विस्ताराच्या निम्म्या अंतरावर १० ते १२ सेंटिमीटर खोल २५-३० भोकं पाडून, त्यांत सारखं वाटून द्या आणि भोकं बुजवा. नुसतं बुंध्याशी ओतलं तर कातळावरच्या वीतभर मातीतून ते पहिल्याच जोराच्या सरीत निघून जातं. पैसेही गेले आणि औषधही खाडीत गेलं. सलग दोन-तीन दिवस उघाडीचा अंदाज पाहूनच हे काम काढा.

कोकणाला घाटावरच्यासारखी सवलत नाही. कोल्हापूर-सांगलीच्या उसातलं पाणी कृष्णेतून शेकडो किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळतं, वाटेत धरणं आहेत, दिवस जातात. देवगडातला व्हाळ काही तासांत खाडीत असतो. औषध वाटेत मोडायला वेळच मिळत नाही.

पोफळीच्या कोळेरोगावर आम्ही फक्त बोर्डो मिश्रण मारतो. ते तर सेंद्रिय शेतीतही चालतं. मग समुद्राला त्याचा त्रास नसावा? (बागायतदार, सावंतवाडी, असाच प्रश्न सत्तरी, गोवा येथून)

बोर्डो म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांचं मिश्रण. त्यातलं तांबं हे मूलद्रव्य आहे. त्याचं विघटन होत नाही, ते फक्त जागा बदलतं. पाण्यातलं मोकळं तांबं समुद्री सूक्ष्मजीवांना फार जाचक असतं, आणि त्यांत निळे-हिरवे जीवाणू, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, सर्वांत नाजूक. सिनेकोकॉकस हा त्यांतलाच. तांब्याच्या ज्या पातळीला डायटम तग धरतात तिथे यांची वाढ खुंटते. दिलासा एवढाच की जंगलातून येणाऱ्या चहासारख्या तपकिरी पाण्यातली सेंद्रिय द्रव्यं बरंचसं तांबं बांधून ठेवतात आणि बांधलेलं तांबं पेशीत सहजी शिरत नाही.

१ टक्का मिश्रणाच्या १०० लिटरमध्ये १ किलो मोरचूद असतं. त्यातलं शुद्ध तांबं सुमारे २५० ग्रॅम. झाडावर चिकटलेलं तांबं बागेत राहतं. खाडीत जातं ते नीट न जमलेल्या मिश्रणातलं मोकळं तांबं, म्हणून मिश्रण काळजीने करणं हाच यावरचा मोठा उपाय.

प्लास्टिकच्या एका पिंपात ५० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद रात्रभर भिजवून विरघळवा. दुसऱ्यात ५० लिटर पाण्यात १ किलो ताजा कळीचा चुना विरवून, गाळून घ्या. दोन्ही गार झाल्यावर मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ओता, उलट नको, आणि ढवळत राहा. मग घासून चकचकीत केलेलं विळ्याचं पातं त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे. थर येणं थांबेपर्यंत चुन्याची निवळी थोडी थोडी घालत जा. हवेत पडून फुसका झालेला चुना वापरला की ही चाचणी हमखास फसते, मग पानं करपतात आणि पावसात तांबंही सहज सुटतं. मिश्रण केल्या दिवशीच संपवा, कारण शिळं झालं की त्याची चिकटण्याची ताकद जाते. चिकटण्यासाठी राळ आणि सोड्याचं द्रावण घाला. घोसांना पावसाआधीच प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या तर त्या झाडांवर फवारणीची गरजच फार उरत नाही. कष्ट जास्त आहेत, पण निदान व्हाळाकाठच्या ओळींना एवढं कराच.

इथे ग्रेट बॅरिअर रीफच्या संदर्भात ‘डाययुरॉन’ हे नाव सतत ऐकू येतं. तणनाशकाचा प्रवाळाशी संबंध काय? प्रवाळ तर प्राणी आहे. (वाचक, ब्रिस्बेन)

प्रवाळ प्राणीच आहे, पण त्याचं पोट भरणारं एकपेशीय शैवाल त्याच्या अंगात राहतं. प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये या शैवालाच्या दहा लाखांच्या आसपास पेशी असतात. त्या उन्हावर साखर करतात आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो.

प्रकाशसंश्लेषणाचं यंत्र गवतात, उसात, डायटममध्ये आणि या शैवालात मुळात एकच आहे. त्यात डी-१ नावाचं एक प्रथिन असतं आणि त्याच्या खाचेत एक छोटा रेणू बसून इलेक्ट्रॉन पुढे नेतो. डाययुरॉन, अ‍ॅट्राझिन, अ‍ॅमेट्रिन, हेक्झाझिनोन ही तणनाशकं नेमकी तीच खाच अडवतात. तण कुठलं आणि शैवाल कुठलं, हे त्यांना कळण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे किड्यांच्या औषधांपेक्षा तणनाशकं समुद्री सूक्ष्मजीवांना जास्त थेट भिडतात. डाययुरॉन लिटरला १ मायक्रोग्रॅमच्या आसपास असलं तरी काही तासांत प्रवाळातल्या शैवालाची कार्यक्षमता घटलेली दिसते. १ ग्रॅम डाययुरॉन १० लाख लिटर पाण्याला या पातळीवर नेऊ शकतं.

हा अडथळा पक्का नसतो. पाणी स्वच्छ झालं की खाच मोकळी होते आणि काम पुन्हा सुरू होतं. पण अडवलेल्या काळात पडणाऱ्या उन्हाची ऊर्जा साखरेत न जाता प्राणवायूचे जहाल रेणू तयार करते, आणि ते पेशीलाच जाळतात. त्यात पाणी तापलेलं असेल तर दोन्ही मार एकत्र बसतात आणि प्रवाळ शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो. क्वीन्सलँडमध्ये उसाच्या शेतातून नद्यांचे पूर येतात ते नेमके उन्हाळी पावसात, समुद्र सर्वांत गरम असताना. ऑस्ट्रेलियाच्या नियामक संस्थेने २०११ च्या नोव्हेंबरात डाययुरॉनच्या अनेक वापरांना स्थगिती दिली आणि २०१२ मध्ये कायमचे कडक निर्बंध घातले, त्यामागे हीच काळजी होती.

ग्लायफोसेट या तणनाशकाची तऱ्हा वेगळी. शेतात ते लवकर निष्प्रभ होतं, म्हणून ते समुद्रातही लगेच संपत असेल असं धरलं जाई. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांना २५ अंश तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात, मंद प्रकाशात, ते निम्मं व्हायला ४७ दिवस लागलेले दिसले. त्याच तापमानाला अंधारात २६७ दिवस लागले.

समुद्रातल्या एका मिलिलिटर पाण्यात लाखो जीवाणू असतात म्हणे. ते हे विष खाऊन संपवत नाहीत का? (निवृत्त शिक्षक, अलिबाग)

काही प्रमाणात संपवतात. ग्लायफोसेटच्या रेणूत फॉस्फरस असतो, आणि फॉस्फरसची टंचाई असलेल्या समुद्रात काही सूक्ष्मजीव तो फोडून वापरतात. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की जे हे करू शकतात ते वाढतात, जे करू शकत नाहीत ते मागे पडतात. एकूण संख्या तेवढीच राहिली, तरी आतली वस्ती बदललेली असते.

लिटरला मायक्रोग्रॅमभर विष म्हणजे जीवाणूच्या दृष्टीने अन्न म्हणून नगण्य. त्याच्यावर जगता येत नाही, म्हणून ते मोडायची यंत्रणा पेशी खास उभारत नाही. दुसरं काही खाताना जाता जाता मोडलं तर मोडलं.

शिवाय मोडणं म्हणजे निर्विष होणं नव्हे. सूक्ष्मजीव एन्डोसल्फान या कीटकनाशकाचं एन्डोसल्फान सल्फेट करतात, ते मूळ औषधाइतकंच विषारी आणि जास्त टिकाऊ असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एन्डोसल्फानवर बंदी घातली, तरी जुन्या मातीत आणि गाळात हा अवशेष शोधावा लागतो तो यामुळे. क्लोरपायरीफॉस मोडल्यावर जो ट्रायक्लोरोपिरिडिनॉल उरतो तो स्वतःच जीवाणूंना मारक आहे, म्हणजे मोडणाऱ्याचंच काम तो अडवतो.

जुलैत शेजारच्या भाताला तणनाशक मारलं आणि मोठा पाऊस झाला. चार दिवसांनी आमच्या कोळंबीच्या तळ्यातलं हिरवट-तपकिरी पाणी एकदम नितळ झालं, पहाटे कोळंबी काठाला आली. तणनाशकच कारण असेल का? सिद्ध कसं करायचं? (कोळंबीपालक, पालघर जिल्हा)

आधी तळं वाचवा, कारण नंतर. एअरेटर रात्रंदिवस चालू ठेवा, खाद्य निम्म्यावर आणा, खाडीचं पाणी घेणं थांबवा. पहाटे ५ ते ६ च्या दरम्यान विरघळलेला प्राणवायू मोजा. तो लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. मेलेलं शैवाल कुजल्यावर दोन ते चार दिवसांत अमोनिया चढतो, म्हणून तो रोज तपासा. झिओलाइट टाकून तणनाशक निघत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

कारणाबद्दल घाई नको. मोठ्या पावसाने क्षारता एकदम उतरली, सलग ढगाळ दिवस गेले किंवा पाण्यातला कार्बोनेट संपला, तरी शैवाल असंच मरतं. पावसाआधी आणि नंतर क्षारता किती होती, ते नोंदवहीत पाहा. ती हजारात १० भागांनी वगैरे उतरली असेल तर तेवढंच कारण पुरेसं आहे. क्षारता फारशी बदललेली नसताना सेकी चकती (पाण्याचा नितळपणा मोजायची चकती) ३०-४० सेंटिमीटरवरून एकदम ८० च्या पुढे दिसू लागली आणि सकाळ-संध्याकाळच्या सामूतला (पीएचमधला) फरक जवळजवळ नाहीसा झाला, तर प्रकाशसंश्लेषण बंद पडलं आहे आणि तणनाशकाचा संशय रास्त आहे.

साधी चाचणी करता येते. काचेच्या तीन-तीन बाटल्यांच्या दोन रांगा करा. एका रांगेत खाडीचं संशयित पाणी, दुसरीत साठवण तळ्यातलं जुनं पाणी, दोन्ही बारीक कापडातून गाळून आणि क्षारता सारखी करून. सगळ्यांत निरोगी तळ्यातलं हिरवं पाणी सारख्या मापाने, दहाव्या हिश्शाएवढं, घाला. उजेडात पण थेट उन्हाबाहेर ४८ ते ७२ तास ठेवा, दिवसातून दोनदा हलवा. जुन्या पाण्यात रंग चढला आणि खाडीच्या तिन्ही बाटल्यांत चढला नाही, तर पाण्यात काहीतरी मारक आहे. ते काय, हे प्रयोगशाळाच सांगेल.

नमुना घेण्यातच बहुतेक तक्रारी फसतात. प्लास्टिकची पाण्याची बाटली चालत नाही, पायरेथ्रॉइड तिच्या भिंतीला चिकटून बसतात. तपकिरी काचेची १ लिटरची, अ‍ॅसिटोनने धुतलेली बाटली काठोकाठ भरा, बर्फात ठेवा आणि २४ तासांत पोचवा. सोबत तळाच्या गाळाचा वरचा २ सेंटिमीटरचा थर काचेच्या बरणीत, आणि शेतापासून दूरच्या वरच्या अंगाचा एक नमुना तुलनेसाठी. शेजाऱ्याने कोणतं तणनाशक मारलं ते नाव घेऊन जा, ‘सगळी औषधं तपासा’ म्हणू नका. प्रयोगशाळेला आधीच विचारा की मोजता येणारी किमान मात्रा किती. अन्नपदार्थांसाठीची किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा पाण्याला लावली तर ती होते लिटरला १० मायक्रोग्रॅम. शैवाल त्याच्या कितीतरी खाली मरू शकतं. अशा अहवालातल्या ‘आढळले नाही’ याला काही अर्थ नाही.

पुढच्या पिकाला पाणी भरतीच्या शेवटच्या तासात घ्या, ओहोटीत कधीही नाही, कारण ओहोटीचं पाणी शेतातून आलेलं असतं. ते साठवण तळ्यात आठवडाभर निवळू द्या. आणि शेजाऱ्याशी बोला. ब्युटाक्लोर किंवा प्रेटिलाक्लोर मारल्यावर खाचरातलं पाणी चार-पाच दिवस बांधून ठेवलं तर तण जास्त चांगलं मरतं. बांध फुटला तर त्याचंही नुकसानच आहे. भांडणापेक्षा हा मुद्दा त्याला लवकर पटेल.

रात्री किनाऱ्यावर निळ्या लाटा चमकतात. ते औषधांमुळे का? (वाचक, रत्नागिरी)

नाही. तो नॉक्टिल्युका हा एकपेशीय जीव. लाटेचा धक्का बसला की तो स्वतःच्या रसायनांनी चमकतो. तो वाढतो याचा संबंध पोषकद्रव्यं, खाद्य आणि पाण्यातला प्राणवायू यांच्याशी आहे. फवारणीच्या औषधांनी कुठलाही जीव चमकू लागत नाही.

महाविद्यालयीन प्रकल्पासाठी औषधाचा डायटमवर परिणाम मोजायचा आहे. कशी सुरुवात करू? (विद्यार्थिनी, मडगाव)

कीटोसेरॉस किंवा स्केलेटोनिमाचं शुद्ध कल्चर एखाद्या संशोधन संस्थेकडून किंवा कोळंबीच्या हॅचरीतून मिळवा. समुद्राचं गाळलेलं, निर्जंतुक पाणी आणि एफ-बाय-टू हे शैवाल वाढवायचं पोषक माध्यम वापरा. सिलिकेट विसरू नका, त्याशिवाय डायटमचं कवच होत नाही. सुरुवात मिलिलिटरला १०,००० पेशींनी. औषधाच्या पाच मात्रा, प्रत्येक आधीच्या सुमारे तिप्पट. प्रत्येक मात्रेचे तीन फ्लास्क, औषधाविना सहा. अखंड उजेड, तापमान स्थिर. २४, ४८ आणि ७२ तासांनी हिमोसायटोमीटर या आखलेल्या काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी.

औषधाविनाच्या फ्लास्कमध्ये ७२ तासांत पेशी किमान १६ पट, म्हणजे १,६०,००० झाल्या पाहिजेत. तेवढ्या झाल्या नाहीत तर प्रयोग रद्द समजा, आकडे ओढूनताणून बसवू नका. तुलना पेशींच्या संख्येची नको, वाढीच्या दराची करा: शेवटच्या आणि सुरुवातीच्या संख्येच्या नैसर्गिक लॉगमधला फरक भागिले दिवस. १६ पट वाढीसाठी हा दर दिवसाला ०.९२ येतो.

तीन ठिकाणी बहुतेकांचं चुकतं. औषध अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलं तर अ‍ॅसिटोन लिटरला ०.१ मिलीच्या पुढे नेऊ नये, आणि नुसत्या अ‍ॅसिटोनचेही फ्लास्क हवेत. दुकानातली बाटली वापरली तर त्यातली विद्रावकं आणि साबणी द्रव्यंही शैवालाला मारतात, मग परिणाम मूळ औषधाचा की त्यांचा हे सांगता येत नाही. आणि तांबं तपासायचं असेल तर माध्यमातलं इडीटीए काढा. ते तांब्याला बांधून ठेवतं, आणि विषारी मात्रासुद्धा निरुपद्रवी दिसते.